'त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती, देता येत नाही': माहिती अधिकारातल्या या शब्दांचा नेमका अर्थ काय?

घाटवाट (धागाकर्ता)

मंडळी, तालुक्यातल्या एका कार्यालयाकडे जोडपत्र 'अ' (माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना) भरून शेततळ्यांच्या अनुदानाची माहिती मागितली होती. गावात कुणाला अनुदान मिळालं, किती, कोणत्या तारखेला, आणि त्या कामांच्या मोजमाप पुस्तिकेच्या साक्षांकित प्रती. मुदत संपता संपता उत्तर आलं. जसंच्या तसं देतो:

"मागणी केलेली माहिती ही त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. सदर माहितीत व्यापक जनहित दिसून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

फोन केला तर ऐकवलं की कायदा बदललाय, आता नाव असलेला कुठलाही कागद बाहेर जात नाही. खरं आहे का हे? त्रयस्थ पक्ष, वैयक्तिक माहिती, व्यापक जनहित, तिन्ही शब्द एका दमात फेकलेत. पहिलं अपील लिहायचंय, त्याआधी एकेकाचा अर्थ समजून घ्यायचाय. जाणकारांनी लिहावं.

बारनिशी

घाटवाट, मी निवृत्त आहे, पण काही वर्षं त्याच खुर्चीत जन माहिती अधिकारी म्हणून काढली आहेत. हे उत्तर कसं तयार होतं ते सांगतो. जुन्या नस्तीतलं (फाइलमधलं) एखादं उत्तर काढायचं, मायना बदलायचा, जावक क्रमांक टाकायचा आणि सही. तुमच्या कागदपत्रांकडे कुणी पाहिलंसुद्धा नसणार.

आधी 'त्रयस्थ पक्ष'. व्याख्या कलम २(ढ) मध्ये आहे: माहिती मागणारा नागरिक सोडून बाकी कुणीही. त्यात सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे सरकारी कार्यालय किंवा संस्थासुद्धा आली. म्हणजे सरकारी दप्तरातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर कुणी ना कुणी त्रयस्थ असतोच. ठेकेदार असेल, लाभार्थी असेल, तक्रारदार असेल. नुसता त्रयस्थ आहे म्हणून माहिती नाकारा, असं कलम ८ किंवा ९ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

कलम ११ येतं ते कार्यपद्धती म्हणून. माहिती त्या माणसाने पुरवलेली किंवा त्याच्याविषयीची असेल, आणि त्याने ती गोपनीय मानलेली असेल, तर ती देण्याआधी त्याला विचारायचं. अर्ज आल्यापासून ५ दिवसांत नोटीस, म्हणणं मांडायला १० दिवस, आणि निर्णय अर्जाच्या तारखेपासून ४० दिवसांत. त्याने 'देऊ नका' असं लिहून दिलं तरी निर्णय अधिकाऱ्यालाच करायचा असतो. त्रयस्थाला अपिलाचा हक्क आहे, नकाराधिकार नाही. पुष्कळ कार्यालयांत हे उलटं चालतं. त्याची संमती नाही, विषय संपला.

लाभार्थ्यांना नोटिसा गेल्या होत्या का, तेवढं विचारून घ्या.

घाटवाट

बारनिशीकाका, विचारलं. लाभार्थ्यांपैकी दोघे आमच्या भावकीतलेच आहेत. कुणालाही कसलीही नोटीस नाही.

बारनिशी

मग अपिलातला पहिला मुद्दा मिळाला.

अशिलाविना

मी वकिली करतो, पण हा सल्ला समजू नका, चर्चा समजा.

खरा बदल दुसऱ्या शब्दात झालाय, 'वैयक्तिक माहिती' मध्ये. त्याआधी एक सावधगिरी. मराठी अधिनियमात खंडांना क, ख, ग अशी अक्षरं आहेत. सगळे ज्याला 'आठ-एक-जे' म्हणतात तो मराठीत (ञ). मराठीतला (ज) वेगळाच, तो तपासात अडथळा येण्याचा खंड. अपिलात ८(१)(ज) लिहून वैयक्तिक माहितीवर पानभर युक्तिवाद करणारे अर्जदार मी पाहिले आहेत, आणि (ञ) ऐवजी (ज) लिहून नकार देणारे अधिकारीसुद्धा.

२००५ च्या मूळ कायद्यात ८(१)(ञ) चं वाक्य लांबलचक होतं. माहिती वैयक्तिक असणं नकाराला पुरेसं नव्हतं. तिचा कुठल्या सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने त्या व्यक्तीच्या खासगीपणात अकारण घुसखोरी व्हावी, तरच नकार. त्यातही व्यापक जनहित दिसलं तर अधिकाऱ्याने द्यायची. आणि खाली एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढलं. आता खंडात उरलंय ते इतकंच: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. अटी गेल्या, परंतुक गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याचे नियम अधिसूचित झाले, तेव्हाच हे कलमही लागू झालं. त्यामुळे कार्यालयाने फोनवर सांगितलं त्यातला पहिला भाग खरा आहे, कायदा बदललाय. दुसरा भाग, म्हणजे नाव असलेला कागद बाहेर जात नाही, हा त्यांच्या पदरचा.

पारंबी

दुसरा भाग पदरचा कसा? खंडात अटच उरली नसेल तर नाव असलेला प्रत्येक कागद वैयक्तिक माहितीशी 'संबंधित' ठरवता येईल की. कंत्राटदाराचं नाव, अभियंत्याची सही, सगळंच.

अशिलाविना

पारंबी, भीती रास्त आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण कलम ८(२) जागेवर आहे. ते म्हणतं की कलम ८(१) मधले अपवाद लागू असले तरी, माहिती उघड करण्यातलं सार्वजनिक हित जर संरक्षित हितांना होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल, तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकेल. हे (ञ) सकट सगळ्या खंडांना लागू आहे.

पारंबी

'देऊ शकेल'. 'देईल' नाही. आणि देणार कोण, तर प्राधिकरण. आधी हे वजन करणं जन माहिती अधिकाऱ्याचं काम होतं, (ञ) च्याच वाक्यात होतं. आता तो हात वर करून म्हणणार, माझ्या पातळीवर नाही, वर जा. पहिलं अपील, मग दुसरं अपील, आणि माहिती आयोगापुढच्या तारखेची वाट बघत बसा. तोवर शेततळं गाळाने भरेल.

अशिलाविना

मान्य. म्हणूनच मला हा बदल वाईट वाटतो. न्या. श्रीकृष्ण समितीने डेटा संरक्षण कायद्याच्या २०१८ च्या मसुद्यात याच खंडासाठी वेगळी भाषा सुचवली होती. तीत हानीची कसोटी होती: उघड केल्याने त्या व्यक्तीची हानी होण्याची शक्यता आहे का, आणि ती सार्वजनिक हितापेक्षा जड आहे का. ती घेतली असती तर दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या असत्या. सरकारने कसोटीच काढून टाकली.

निशिगंध

इथे सगळे माहिती मागणाऱ्यांच्या बाजूचे दिसतात. मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या वैद्यकीय रजेचे कागद एका सहकाऱ्याने माहिती अधिकारात मागितले. भ्रष्टाचार वगैरे काही नाही, बढतीवरून वैर. आणि आमच्या कार्यालयाने ते दिले, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह. कुठलं ऑपरेशन झालं ते आठवड्याभरात सगळ्या मजल्याला कळलं होतं. मला नोटीस आली नव्हती, काकांनी वर लिहिलेले १० दिवस मला कुणी दिले नाहीत. तेव्हा 'खासगीपणाच्या नावाखाली लपवतात' हे वाक्य मला सरसकट पटत नाही.

बारनिशी

निशिगंधताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते तेव्हाच्या कायद्यातही चूकच होतं. रजा किती दिवस आणि कोणत्या प्रकारची, ही हजेरीपटाची बाब आहे, त्यावर वाद होऊ शकतो. आजार कोणता, हा प्रश्नच येत नाही. तिथे नोटीसही चुकली आणि निर्णयही.

आणि हे कलम १० चं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. इंग्रजीत सेव्हरेबिलिटी म्हणतात, साध्या भाषेत, देता येण्याजोगा भाग वेगळा काढून देणे. ज्या ओळी अपवादात बसतात त्या झाकायच्या, बाकीचा कागद द्यायचा. शिवाय काय झाकलं, का झाकलं आणि तो निर्णय कुणी घेतला, हे अर्जदाराला लेखी कळवायचं. फोटोकॉपीवर काळ्या स्केचपेनने पट्टी ओढायला पाच मिनिटं लागतात. पण पूर्ण देणं किंवा पूर्ण नाकारणं दोन्ही सोपं, कारण त्यात कागद वाचावा लागत नाही.

घाटवाट, तुमच्या कागदांत लाभार्थ्याचा बँक खाते क्रमांक, मोबाइल, आधार असेल. ते झाका म्हणून तुम्हीच अपिलात लिहा. तुम्हाला ते नकोच आहेत.

घाटवाट

अगदी. मला नाव, गट नंबर, रक्कम, तारीख आणि मापं हवीत. दोन शेततळी कागदावर आहेत आणि जमिनीवर नाहीत, एवढाच माझा संशय आहे.

निशिगंध

एवढंच मागणार असाल तर माझा काहीच आक्षेप नाही. अनुदान घेतलं तर नाव लोकांना कळणारच.

पाटीपेन्सिल

थोडं मागे जाऊन विचारतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे ना? मग माहितीचा अधिकार मोठा की हा?

अशिलाविना

दोन्ही मूलभूत हक्कांच्या मुळातून आलेले आहेत, म्हणून 'मोठा कोण' हा प्रश्न न्यायालय अशा शब्दांत विचारत नाही. जाणून घेण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातून येतो. खासगीपणा प्रामुख्याने अनुच्छेद २१ मधून. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात तो एकमताने मूलभूत हक्क ठरवला. पण त्याच निकालात प्रमाणबद्धतेची कसोटीही आहे. निर्बंधाला कायदा हवा, वैध हेतू हवा, आणि हेतूच्या मानाने निर्बंध अति नको. ही कसोटी दोन्हीकडून चालते. खासगीपणा जपण्यासाठी माहितीवर घातलेला निर्बंधही प्रमाणात हवा. नव्या (ञ) वर मुख्य आक्षेप हाच.

कर्मचाऱ्यांबाबत २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा देशपांडे निकाल वाचावा. कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्तेचा तपशील, प्राप्तिकर विवरणपत्र, हे सगळं त्यात वैयक्तिक माहितीत घातलं आणि जनहित दाखवल्याशिवाय मिळणार नाही असं ठरवलं. माझं मत: शिक्षेचे आदेश त्यात नको होते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या नोकरीत गैरवर्तनाची शिक्षा ही कर्मचारी आणि मालक यांच्यातली खासगी गोष्ट कशी होईल, मला अजून कळलेलं नाही. आणि परंतुकाची तर त्या निकालात फारशी चर्चाच नाही. आज कागदावरून पुसलं गेलेलं परंतुक कार्यालयांच्या वापरातून तेव्हाच गेलं होतं.

चौथा_मजला

अवांतर, पण याच धाग्यात विचारतो. आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव दुरुस्ती फंडाचा हिशेब दाखवत नाही. सोसायटीला माहिती अधिकार लागू आहे का?

बारनिशी

थेट नाही. सार्वजनिक प्राधिकरण म्हणजे काय हे २(ज) मध्ये आहे: संविधानाने, कायद्याने किंवा शासनाच्या अधिसूचनेने स्थापन झालेली संस्था, शासनाच्या मालकीची किंवा नियंत्रणाखालची संस्था, किंवा शासनाच्या भरीव निधीवर चालणारी संस्था, मग ती बिगर-सरकारी का असेना. सहकारी संस्था कायद्याखाली नोंदवलेली असते, कायद्याने स्थापन झालेली नसते. २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. निबंधकाची देखरेख म्हणजे नियंत्रण नव्हे, असंही सांगितलं.

पण त्याच निकालात पुढची गोष्ट आहे. २(च) मधली 'माहिती'ची व्याख्या अशी की, एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या कायद्याखाली मिळवता येते, तीही 'माहिती'च. सहकार खात्याचा उपनिबंधक प्राधिकरण आहे. सोसायटीचे जे कागद तो सहकार कायद्याखाली मागवू शकतो, ते त्याच्याकडे अर्ज करून मागा. आणि सभासद म्हणून कागद पाहण्याचा तुमचा हक्क सहकार कायद्यात स्वतंत्र आहेच. तो आधी वापरा, लवकर काम होतं.

चौथा_मजला

धन्यवाद काका. सचिव आता म्हणतो की हिशेबात फ्लॅटधारकांची नावं आहेत, नव्या डेटा कायद्याने दाखवता येत नाहीत. २५० कोटी दंड होईल म्हणे सोसायटीला!

शून्यएक

हाहा. हा २५० कोटींचा आकडा सध्या प्रत्येक टाळाटाळीत ऐकू येतो. मी कंपनीत याच विषयावर काम करतो, म्हणून त्या कायद्यातले शब्द सांगतो.

ज्याची माहिती, तो डेटा प्रिन्सिपल. ती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्था म्हणजे डेटा फिड्युशिअरी. फिड्युशिअरीच्या वतीने प्रत्यक्ष प्रक्रिया करणारा तो डेटा प्रोसेसर. तक्रारी पाहायला डेटा संरक्षण मंडळ. संमती म्हणजे मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती, समजून-उमजून, विनाअट आणि स्पष्ट कृतीने दिलेली. आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही. दिलेली संमती परत घेता येते, आणि घेणं हे देण्याइतकंच सोपं असायला हवं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते.

२५० कोटी ही कमाल रक्कम आहे आणि ती डेटा सुरक्षित ठेवण्याची पुरेशी काळजी न घेतल्यामुळे होणाऱ्या गळतीसाठी आहे, सभासदाला हिशेब दाखवल्याबद्दल नाही. शिवाय कायदा फक्त डिजिटल स्वरूपातल्या, किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागतो. सोसायटीची हाताने लिहिलेली कीर्द त्यात येतच नाही. आणि फिड्युशिअरीची बहुतेक कर्तव्यं व दंडाची कलमं नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती अधिकारातली दुरुस्ती मात्र पहिल्याच दिवशी लागू. घाई कशाची होती ते यावरून ओळखा.

पारंबी

शून्यएक, शेवटच्या वाक्याला +१. नागरिकाला मिळणारं संरक्षण दीड वर्षाने, नागरिकाकडून काढून घ्यायचं ते लगेच.

शून्यएक

त्या कायद्यातली एक गोष्ट घाटवाट यांना उपयोगी पडेल. कलम ३ मध्ये कायदा कशाला लागत नाही ते दिलंय. जी वैयक्तिक माहिती उघड करण्याचं बंधन भारतातल्या एखाद्या कायद्यानेच कुणावर घातलं असेल आणि त्यानुसार ती जाहीर झाली असेल, तिला हा डेटा कायदा लागू नाही.

अशिलाविना

वा, हे बरं आठवलं. आता माहिती अधिकाराचं कलम ४(१)(ख) काढा. कुणी अर्ज करो न करो, प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या १७ बाबी तिथे आहेत. त्यात प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन आहे. त्यात अनुदान कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हेही आहे. कलम ४ ला कुणी हात लावलेला नाही.

म्हणजे घाटवाट यांनी मागितलेली लाभार्थ्यांची यादी ही मुळात कार्यालयाने भिंतीवर किंवा संकेतस्थळावर लावायची गोष्ट आहे. जी माहिती आपण होऊन जाहीर करायचं कायद्याचं बंधन आहे, ती मागितल्यावर वैयक्तिक कशी होते? माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, ८(२) सुद्धा याच्यानंतर. कारण ८(२) मध्ये तुम्हाला हित आणि हानी यांचं वजन करून दाखवावं लागतं, इथे नाही.

पारंबी

पण दोन कायद्यांत विरोध आला तर? माहिती अधिकाराच्या कलम २२ मध्ये 'इतर कायद्यांत काहीही असलं तरी' आहे. डेटा कायद्यातही विरोधाच्या मर्यादेत आमचंच चालेल असं आहे. दोघेही स्वतःला थोरले म्हणवतात.

अशिलाविना

विरोध असेल तर प्रश्न. कलम ४ च्या बाबतीत शून्यएक यांनी सांगितलेल्या अपवादामुळे विरोधच उरत नाही. बाकीच्या माहितीबाबत मात्र हा वाद न्यायालयात झडणार, यात शंका नको.

आणि जे अधिकारी घाबरतात त्यांच्यासाठी: माहिती अधिकाराच्या कलम २१ मध्ये सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. देताना चूक झाली तर संरक्षण, वाजवी कारणाशिवाय दिली नाही तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये शास्ती, जास्तीत जास्त २५,०००. कायद्याचा कल कुठे आहे ते दिसतंच.

बारनिशी

शास्तीला कुणी फार घाबरत नाही हो. क्वचितच लागते. लोक घाबरतात ते साहेबाला.

पाटीपेन्सिल

मलाही एक उत्तर आलंय, 'माहिती निरंक'. मी विचारलं होतं की आमच्या रस्त्याचं काम अर्धवट का सोडलं.

बारनिशी

हा 'का' सगळ्यांना नडतो. २(च) मधली माहिती म्हणजे जे साहित्य कुठल्यातरी स्वरूपात आधीच अस्तित्वात आहे ते: अभिलेख, टिपण्या, ई-मेल, आदेश, अहवाल, नमुने. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी बसून खुलासा लिहावा ही अपेक्षा त्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सांगितलं की नसलेली माहिती तयार करून देण्याचं बंधन नाही. (त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येऊ लागली.)

म्हणून 'का' विचारू नका. त्या कामाच्या नस्तीतल्या टिपण्यांच्या प्रती मागा, कार्यारंभ आदेश मागा, मुदतवाढीचा पत्रव्यवहार मागा. 'का' त्याच्यातच सापडतो. टिपणीवर कुणाचा शेरा कोणत्या तारखेला पडला हे एकदा पाहिलं की वेगळा खुलासा लागत नाही. नुसत्या प्रतींनी समाधान होत नसेल तर २(ञ) मध्ये प्रत्यक्ष पाहणीचा हक्क आहे. जाऊन नस्ती चाळा, हवी ती पानं निवडा, दोन रुपये पान.

'निरंक', 'उपलब्ध नाही' आणि 'गहाळ' हे तीन वेगळे प्रकार. निरंक म्हणजे तशी नोंद झालेलीच नाही. उपलब्ध नाही म्हणजे आमच्याकडे नाही, मग ६(३) प्रमाणे ५ दिवसांत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे अर्ज पाठवायला हवा होता. आणि गहाळ हे कलम ८ मधलं कारणच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे अभिलेख सांभाळणं ही त्यांची जबाबदारी आहे. तो कायदा अपिलात नुसता नमूद केला तरी कधीकधी गहाळ नस्ती कपाटामागून निघते.

अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत ठेवा, आपल्या राज्याच्या नियमात ते आहे.

गवतफुला

वाचनखूण साठवली. एक शंका: अपील आणि तक्रार यात फरक काय? मला ३० दिवसांत काहीच उत्तर नाही, मी सरळ आयोगाकडे कलम १८ खाली तक्रार करणार होते.

अशिलाविना

थांबा! ३० दिवस गप्प बसणं म्हणजे कलम ७(२) प्रमाणे मानीव नकार, म्हणजे नकार दिला असंच धरायचं. त्यावर पहिलं अपील करता येतं, पुढच्या ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. मग आयोगाकडे दुसरं अपील, ९० दिवसांत. २०११ मधल्या मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम १८ च्या तक्रारीत आयोग शास्ती लावू शकतो, पण माहिती द्या असा आदेश करू शकत नाही. माहिती हवी तर अपील. अद्दल घडवायची तर तक्रार. दोन्ही हवं तर दोन्ही करा, पण अपिलाची मुदत घालवू नका. आणि उशीर झाल्यावर माहिती मिळाली तर ७(६) प्रमाणे विनाशुल्क, प्रतींचे पैसे भरू नका.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. जोडपत्र 'ब' (पहिल्या अपिलाचा नमुना) साठी मसुदा केलाय, बघा:

"१. त्रयस्थ पक्षाचे कारण दिले आहे, परंतु कलम ११ खालील नोटीस कोणालाही दिलेली नाही.
२. लाभार्थ्यांचा तपशील कलम ४(१)(ख) प्रमाणे स्वतःहून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. मोजमाप पुस्तिका हा शासकीय कामाचा अभिलेख आहे, कोणाचीही वैयक्तिक माहिती नव्हे.
३. बँक खाते, मोबाइल व आधार क्रमांक कलम १० प्रमाणे वगळावेत. माझी त्यास हरकत नाही.
४. तरीही ८(१)(ञ) लागू आहे असे वाटल्यास, व्यापक जनहित असल्याने कलम ८(२) प्रमाणे माहिती द्यावी.
५. नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावर आहे."

बारनिशी

चांगलं जमलंय. चौथा मुद्दा बदला. 'व्यापक जनहित' हे जुन्या (ञ) मधले शब्द, ते आता गेले. ८(२) मध्ये 'व्यापक' नाही. तिथे फक्त सार्वजनिक हित आणि हानी यांची तुलना आहे. तुम्ही 'व्यापक' लिहिलं की अपिलीय अधिकारी म्हणणार, एका गावाची दोन शेततळी म्हणजे व्यापक कसं? उगाच स्वतःवर जास्तीचं ओझं घेऊ नका. त्याऐवजी सरळ लिहा की सरकारी पैशातून झालेलं काम जागेवर आहे की नाही हे तपासण्यात सार्वजनिक हित आहे, आणि खाते क्रमांक वगैरे वगळल्यावर लाभार्थ्याची कोणतीही हानी उरत नाही. हानी उरत असेल तर कोणती, ते त्यांनी आदेशात लिहावं.

वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायला विसरू नका, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

निशिगंध

सुनावणी झाली की इथेच लिहा, घाटवाट. पट्टी ओढून देतात की नाही ते मलाही बघायचंय.